खडकवाडी लाल झाली

खडकवाडी लाल झाली तेव्हा सुकेशनी पडद्याच्या शेजारीच उभी होती, आणि तिला आधी आनंदच झाला.

असा आनंद होणं बरं नव्हतं, हे तिला नंतर कळलं. त्या घडीला मात्र डोक्यात एवढंच होतं, की चाललं बाई एकदाचं. सेलूच्या ह्या दूध कंपनीत ती नवी होती, कायमही झालेली नव्हती. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून आलेले आकडे एकत्र करायचे आणि कुठल्या गावचं दूध कसं आहे ते संचालकांना एका नजरेत दिसेल असा अहवाल सॉफ्टवेअरमध्ये मांडायचा, हे तिचं काम. तिच्याआधी ते कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळं विचारायचं कुणाला हाही प्रश्नच होता. कधी तक्ता उघडायचाच नाही. कधी उघडायचा आणि सगळी गावं एकाच रेघेत गोळा होऊन बसायची. कधी परवाचे आकडे दिसायचे, आजचे गायब. मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ बघत, दीड वर्षाच्या सुजाताला मांडीवर थोपटत, तिनं एकेक गाठ सोडवली होती. आता मासिक बैठकीत अध्यक्ष आबासाहेबांसमोर भिंतीवर गावांचे चौकोन उभे होते. हिरवे, पिवळे, परत हिरवे. दुधाची सरासरी फॅट हद्दीखाली गेली की चौकोन लाल. लाल एकच होता.

"खडकवाडी," आबासाहेबांनी चष्मा सावरून वाचलं. "मालनबाईचं केंद्र ना हे?"

"होय साहेब. वालूरच्या पलीकडचं," व्यवस्थापक आदिनाथ म्हणाला.

"म्हणजे पाणी घालायलेत."

फॅट कमी म्हणजे दुधात पाणी, हा ह्या धंद्यातला सरळ हिशेब. आबासाहेबांनी तिथल्या तिथं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"मालनबाई, इतकी वर्षं तुमच्यावर डोळे झाकून भरवसा टाकला. आज मशीननं आमचे डोळे उघडले बघा."

पलीकडं भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "काय झालं म्हणलं साहेब?"

"पाणी झालं. दुसरं काय होतंय दुधात?"

बोलणं लांबलं नाही. पुढच्या बैठकीपर्यंत रंग बदलला नाही तर खडकवाडीचं केंद्र बंद, मशीन उचलून आणायचं, बायांनी दूध डोक्यावर घेऊन वालूरला घालायचं, असं ठरलं. जाता जाता आबासाहेब सुकेशनीला म्हणाले, "चांगलं काम केलंत." ती हसली. त्या हसण्याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मालनबाई ऑफिसात आली. साठीची, उंच, काटक बाई. हातात झाकण घट्ट लावलेली किटली.

"आदिनाथ, हे आजचं दूध. माज्यादेखत मशीनीत घाल अन् काय यील ते मोठ्यानं वाच."

"मावशी, एका दिवसाच्या दुधानं काय ठरत नसतं. महिन्याची सरासरी बघायची असती."

"दूध हितं तुज्यापुढं हाय, अन् तू महिन्याला इचारायलास?"

"आता तुमी हातानं आणलेलं चांगलंच आणणार की."

मालनबाईनं किटली टेबलावर ठेवली होती, ती परत उचलली. मग कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढं बसलेल्या सुकेशनीकडं तिची नजर गेली.

"ते रंगाचं तू केलंस का गं?"

"हो, मावशी."

"मग सांग माय, मला लाल कामून केलंस?"

"मी नाही केलं, मावशी. ते आकड्यांवरून आपोआप होतं."

"आपोआप तर दहीबी लागत न्हाई. कुणीतरी इरजण घालतंयच."

मागच्या खोलीत रिकाम्या कॅनजवळ गोधडीवर निजलेली सुजाता तेवढ्यात उठली आणि रडायला लागली. सासूबाईंचे, सरजाबाईंचे गुडघे धरले की सुकेशनी तिला कामावर घेऊन यायची. आदिनाथला ते आवडायचं नाही. तो तोंडानं बोलायचा नाही, दाराकडं बघायचा. सुकेशनीनं पोरीला कडेवर आणलं. लेकराचं अंगावरचं दूध तोडायचे दिवस होते ते; पोर दिवसभर छातीशी झोंबायची आणि आई पदर घट्ट खोचून घ्यायची. मालनबाईला हे सांगावं लागलं नाही. तिनं किटलीचं झाकण काढलं, त्यातच थोडं दूध ओतलं आणि पुढं केलं.

"सकाळच्या धारंचं हाय. पाज तिला."

सुकेशनीनं आदिनाथकडं बघितलं. फार नाही, पापणी लवावी इतकंच. "नको मावशी. आत्ताच प्यायलीय."

पोर तर दुधाकडं हात करत होती. मालनबाईनं झाकणातलं दूध परत किटलीत ओतलं, थेंबही सांडू न देता, आणि निघून गेली.

त्या दिवसापासून सुकेशनीचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. भाकरी थापताना, पोरीला आंघोळ घालताना, तिला ते झाकण दिसायचं. आपलं काही चुकलं असेल तर? तिनं अहवाल पहिल्यापासून उलगडायला घेतला. आधी तारखा बघितल्या. हे सॉफ्टवेअर पाच मार्चला खुशाल तीन मे समजतं, हा फटका तिनं सुरुवातीलाच खाल्ला होता. तारखा ठीक होत्या. मग सॉफ्टवेअरमधली एखादी गाळणी, फिल्टर म्हणतात ती, चुकून लागलेली राहिली आणि अर्धंच दूध मोजलं जातंय का ते बघितलं. तसंही नव्हतं. एकाच वेळचं दूध दोनदा धरलं गेलंय का, वालूरचे आकडे खडकवाडीच्या खात्यात पडलेत का, सगळं चाचपलं. शेवटी केंद्राच्या मशीनमधून आलेले मूळ आकडे एका बाजूला आणि आपला अहवाल दुसऱ्या बाजूला ठेवून दुधाची बेरीज मारली. लिटरला लिटर जुळलं.

चुडाव्याला शाळेवर असलेल्या नवऱ्याला, धम्मदीपला, तिनं फोन केला.

"बेरीज जुळली ना? मग तुझं काय चुकलं?" तो म्हणाला. "तू कशाला जीव जाळायलीस?"

"मालनबाई खोटं बोलत असेल असं वाटत नाही हो."

"वाटणं वेगळं अन् आकडे वेगळे. हे तूच सांगतीस ना सगळ्यांना?"

ती सांगायची खरं. फोन ठेवल्यावर तिच्या मनात जी शंका शिरली ती अशी, की हिशेब बरोबर असेल तर मग दूधच पातळ असणार. आणि शंका आली की ती बसू देत नाही. न सांगता जावं, आपल्या हातानं मोजून बघावं, म्हणजे ह्या तळमळीतून सुटका तरी होईल. संध्याकाळची दुधाची गाडी चालवणारे माणिकराव गेटपाशी टायर बघत होते.

"मामा, आज खडकवाडीला जाताना मला घेता का?"

"आज सोमवार. सांजची गाडी तिकडं जात न्हाई सोमवारी. उद्या सकाळी चला."

का जात नाही, हे तिनं विचारलं नाही. उलट बरंच झालं असं तिला वाटलं. गाडी नाही म्हणजे आपण आल्याचा आधी बोभाटा नाही. प्रयोगशाळेतून तिनं दुधाची डिग्री, म्हणजे त्यात पाणी आहे का ते, बघायची काचेची नळी घेतली, सुजाताच्या दुपट्यात गुंडाळून पिशवीत घातली, घरी जाऊन पोरीला उचललं आणि एसटीनं वालूर गाठलं. तिथून पुढं ऑटो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस उपटलेली काळी रानं आणि मध्येच एखादं हिरवंगार हरभऱ्याचं वावर. पोर तिच्या गळ्यात झोपून गेली होती. तिचा घामेजलेला मऊ गाल मानेला लागत होता आणि सुकेशनीला वाटत होतं, आपण एका बाईला चोर ठरवायला निघालोय आणि बरोबर लेकरू घेतलंय.

खडकवाडीच्या फाट्यावर एक बाई भरली किटली घेऊन खासगी डेअरीच्या जीपची वाट बघत उभी होती. सुकेशनीनं केंद्र कुठं म्हणून विचारलं.

"पाण्याचं केंद्र का?" बाई तोंड वाकडं करून म्हणाली. "सरळ जावा. देवळाच्या वट्यावर बसली असंल."

केंद्राच्या खोलीला कुलूप होतं. देवळाच्या वट्यावर मालनबाई बसलेली, पुढं एक मोठं पातेलं, आणि वट्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत लेकरांची रांग. कुणाच्या हातात पेला, कुणाच्या हातात तांब्या, एकीनं तर कंपासपेटीचं झाकण धरलेलं. तिला मालनबाई म्हणत होती, "भवाने, ह्यात काय मावंल? जा, घरून गिलास आण. तुजा नंबर मी बघते." पातेलं निम्मंही भरलेलं नव्हतं.

सुकेशनीला बघून तिचा हात थांबला. "तू कुटं गं हितं?"

"सहज आले, मावशी." हे शब्द तिला स्वतःलाच खोटे वाटले. "हे काय चाललंय?"

"सोमवारचं सांजचं दूध. गावात इकायचं न्हाई ते." मालनबाई परत पळीनं वाटायला लागली. बोलता बोलता, एकेका पेल्याला अंदाज घेत. "माझी सासू, बायनाबाई. तिला माज्या मालकाच्या येळी अंगावर दूधच आलं न्हाई. घरात जनावर नव्हतं. लेकरू नुसतं सुकत चाललेलं. शेजारणीची म्हैस होती, ती सांजचं दूध इकायचं सोडून सासूला द्यायला लागली, म्हून जगलं. पुढं सासूनं सोताची म्हैस घेतली तवा पहिल्याच सोमवारी हितं येऊन बसली. म्हणली, हे सांजचं ज्यांच्या घरी जनावर न्हाई त्यांच्या लेकरांचं. तिचं बघून समदं गाव घालायला लागलं. पाऊस असू, लगीन असू, सोमवार चुकला न्हाई."

"आज एवढंच?"

"मागं पातेली दोन लागायची." तिनं पळी पातेल्याच्या बुडाशी घासली. "आता म्हणतेत, मालनच्या हातात दूध गेलं की पाणी होतंय. फाट्यावर भेटली असंल तुला नर्मदाबाई. माज्या सख्ख्या चुलत जावंची सून ती."

एव्हाना सुजाता जागी झाली होती, कडेवरून उतरून पिशवीशी खेळत होती. तिनं दुपटं ओढलं आणि आतली काचेची नळी हातात धरून वर केली, खुळखुळा दाखवावा तशी.

मालनबाईनं ती नळी ओळखली. जन्म दुधात गेलेला तिचा. रांगेतली लेकरं हसली, तिनं त्यांना हातानं गप्प केलं.

"मोज," ती म्हणाली.

"मावशी, मी..."

"आणलीस तर मोज. लेकरं बघतेत, त्यांनाबी कळू दे आपण काय प्यायलोत."

सुकेशनीनं उंच पेल्यात दूध घेतलं, नळी सोडली. पाणी असतं तर नळी खाली बसली असती. ती हलली, डुलली, आणि जिथं यायला हवी तिथं येऊन उभी राहिली.

"कुटं आलं?"

"बरोबर आलं, मावशी."

"आता पाजतीस?"

सुकेशनीनं मान हलवली. मालनबाईनं पोरीला स्वतःच्या मांडीवर ओढलं, पेला तिच्या ओठांना लावला. सुजाता दोन्ही हातांनी पेला धरून, मध्येच श्वास घेत, घटाघटा प्यायली आणि वरच्या ओठावर पांढरी रेघ घेऊन हसली. सुकेशनीला तिथं रडू आलं असतं, पण समोर लेकरं होती.

मन सावरायला म्हणून, दुसरं काही सुचेना म्हणून, तिनं विचारलं, "मग सोमवारच्या संध्याकाळी मशीनमध्ये काय भरता तुम्ही?"

"काय भरायचं? इकलंच न्हाई तर. रिकामं सोडते."

रिकामं.

सुकेशनीला एकदम आठवलं. पहिल्या आठवड्यात रिकाम्या कप्प्यांमुळं तक्ता अडत होता, आणि व्हिडिओतला माणूस हसतमुखानं म्हणाला होता, रिकामे कप्पे शून्यानं भरून टाका, झालं काम. तिनं भरले होते. एका झटक्यात, सगळे. लिटरच्या कप्प्यात शून्य पडलं त्यानं काही बिघडलं नाही. बेरजेला शून्य चावत नाही. पण फॅटच्या कप्प्यातही तेच शून्य पडलं होतं. दर सोमवारी संध्याकाळी खडकवाडीनं जणू फॅट नसलेलं दूध घातलं होतं, आणि त्या शून्यानं सगळ्या महिन्याची सरासरी ओढून खाली आणली होती. बाकीची केंद्रं कधी बंदच नसायची, म्हणून ती हिरवी. बेरीज जुळली म्हणून आपण स्वतःला निर्दोष ठरवलं, आणि जी बाई लेकरांना दूध वाटत होती तिच्या वाटपाचंच पाणी केलं.

"पांढरी का पडलीस? दूध पाहिजे का तुलाबी?" मालनबाई म्हणाली.

"मावशी, तुम्हाला लाल मीच केलं," सुकेशनी म्हणाली.

तिनं सांगितलं, जमेल तसं, पेले आणि पळीचे दाखले देत. मालनबाईनं मध्येच एकदाही टोकलं नाही. सांगून झाल्यावर शेवटच्या लेकराला दूध ओतलं, पातेलं पालथं घातलं.

"म्हंजी जे दिलं, तेच माज्यावर उलटलं," एवढंच म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेशनीनं शून्यं काढून कप्पे परत रिकामे केले. चौकोन हिरवा व्हायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. ती आदिनाथकडं गेली. त्यानं ऐकलं, पेन टेबलावर आपटत राहिला.

"सोमवारचं मलाही ठाऊक होतं की," तो शेवटी म्हणाला. "सगळ्यांनाच ठाऊक आहे."

आणि म्हणूनच ते कुणी कुठं लिहिलेलं नव्हतं, असं सुकेशनीच्या ओठांवर आलं, पण ती बोलली नाही.

"आता झालं ना दुरुस्त? पुढच्या बैठकीत हिरवं दिसंल आपोआप. वाच्यता करू नका. संचालकांचा सॉफ्टवेअरवरचा भरवसा उडंल. तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय, लेकरू लहान आहे. मी तुमच्याच भल्याचं सांगायलोय."

तो खरंच भल्याचं सांगत होता, हेच वाईट होतं. बैठकीपर्यंतचे सगळे दिवस ती ऑफिसात गप्प राहिली. एकदा सरजाबाईंनी विचारलंही, "पोरी, भाजीत मीठ दोनदा घातलंस, कुणाचं ध्यान करायलीस?" तिनं सांगितलं. सासूबाई गुडघ्याला तेल चोळत म्हणाल्या, "नोकरी गेली तर दुसरी बघू. पण त्या बाईचं पातेलं रितं ऱ्हायलं तर सुजूला तू तिथं परत कुठल्या तोंडानं नेशील?"

बैठकीत सुकेशनीनं पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली, शून्य भरलेलं आणि रिकामं सोडलेलं. आणि शेवटपर्यंत बोलली.

"म्हणजे मशीन चुकलं?" आबासाहेबांनी विचारलं.

"मशीन नाही, साहेब. मी चुकले."

आदिनाथ खिडकीबाहेर बघत होता. आबासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "बरं. केंद्र राहू द्या. तिला फोन करून कळवून टाका."

"तुम्हीच लावा ना, साहेब. मागच्या वेळी तुम्हीच लावला होता. स्पीकरवर."

आबासाहेबांनी फोन लावला. चार वाक्यं बोलले, चुकीचं काही झालं असेल तर मनात ठेवू नका, अशा बेतानं. पलीकडून मालनबाई म्हणाली, "ऐकलं साहेब. पण माजं गाव तुमच्या पडद्यापुढं बसत न्हाई. ती पोरगी हाय ना, तिला सोमवारी वट्यावर पाठवा. तिच्या तोंडून ऐकू द्या बायांना."

सुकेशनीला कायम करायचं पुढच्या तिमाहीत बघू, असं त्याच बैठकीत ठरलं.

सोमवारी ती गेली. ह्या वेळी पिशवीत फक्त सुजाताचा पेला होता. लेकरांच्या रांगेमागं बाया उभ्या होत्या, पदर कानामागं सारून, ऐकून तर घेऊ म्हणून. नर्मदाबाई सगळ्यांत मागं, लिंबाला टेकून, किटलीवर हात ठेवून. सुकेशनीनं सांगितलं. वट्यावर लेकरांचे पेले घेतले, काही भरले, एक रिकामा ठेवला, आणि रिकामा पेला मोजायचाच नसतो, तो मी मोजला, म्हणून तुमच्या दुधाला डाग लागला, असं म्हणाली. दोघी-तिघींनी एकमेकींकडं बघितलं. एक म्हातारी म्हणाली, "मंग मालनची माफी कोण मागणार?" सुकेशनी वाकून मालनबाईच्या पाया पडायला गेली, तर मालनबाईनं तिचे दंड धरून उभं केलं. "नाटक करू नगंस. दूध गार व्हायलंय."

काही किटल्या पुढं आल्या. काही आल्याच नाहीत. त्यांच्या मालकिणी ऐकून घरी निघून गेल्या. पातेलं अर्ध्याच्या वर चढलं आणि थांबलं.

नर्मदाबाई जागची हलली नव्हती. फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला.

"पुन्हा लाल झालं तर?" तिनं तिथूनच विचारलं. "तवाबी आधी फोन करून बोंबलणार, अन् मग येणार व्हय गं तू?"

"आधी इथं येईन," सुकेशनी म्हणाली. "बघीन. मग रंग देईन."

हॉर्न परत वाजला. नर्मदाबाईनं फाट्याकडं बघितलं, मग रांगेकडं. सुजाता रिकामा पेला डोक्यावर टोपीसारखा घालून रांगेत उभी राहिली होती, मधेच घुसून, कुणी काही म्हणत नव्हतं. नर्मदाबाई पुढं आली. किटलीचं झाकण उघडलं आणि निम्मं दूध पातेल्यात ओतलं. निम्मंच. उरलेलं झाकून घेऊन ती फाट्याकडं चालायला लागली.

मालनबाईनं पळी बुडवली. "चला रे," ती म्हणाली, "आज थोडं थोडं पुरवून घ्या."